पाणी पोचलं की हात वर

माझ्या काकूला बसलेलं पाहिलंय असं छातीठोकपणे सांगणारा माणूस आमच्या गावात सापडायचा नाही. ती जेवायची तीसुद्धा उभ्यानं, एक हात ओट्यावर टेकून, आणि दोन घासांच्या मधे जाऊन दुधावरचं झाकण सरकवून यायची. गाव तिला भिंगरी म्हणतं. तोंडावर म्हणतं. तिला त्याचं वाईट वाटून घ्यायला वेळ नाही. तिचं बोलणंही तसंच. समोरच्याचा प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर तयार, आणि प्रश्न तिला नसून दुसऱ्याला विचारलेला असला तरी उत्तर तिचंच.

तो दुसरा म्हणजे बहुतेक वेळा माझे काका. काका गावाला पाणी सोडतात. टेकडीवर टाकी आहे, तिथून प्रत्येक आळीला एक पाईप खाली येतो, आणि प्रत्येक पाईपाचा व्हॉल्व्ह पंपघराजवळच्या एका खड्ड्यात, लोखंडी झाकणाखाली. काका झाकण सरकवतात, खड्ड्यात उतरतात आणि कमरेएवढ्या लोखंडी चावीने व्हॉल्व्ह फिरवतात. कुठल्या वारी कुठली आळी हे ठरलेलं आहे. गावात भांडणं कशावरूनही होतात, पण पाण्याच्या पाळीवरून कधी झाली नाहीत. हे काकांचं काम. माणूस मात्र असा अबोल, की ‘हो’ म्हणायलासुद्धा मान पुरायची. दोघांच्या वाटचं बोलणं काकू एकटीच उरकायची, त्यामुळे त्या घरात शब्दांची टंचाई अशी कधी जाणवली नाही.

लग्न झाल्यापासून काकू या कामात आहे, आणि ती कशी आहे ते नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. पाणी आळीच्या शेवटच्या घरापर्यंत पोचलं की नाही हे खड्ड्यातल्या माणसाला कळत नाही. पंपाच्या धडधडीत हाक ऐकू येत नाही. म्हणून काकू धावत आळीच्या टोकाला जायची, शेवटच्या नळाला पाणी लागलं की उंचवट्यावर चढून हात वर करायची. उघडा पंजा वर म्हणजे पोचलं, बंद करा. मूठ गोल फिरवली म्हणजे अजून सोडा. बोटं दाखवली की तितके फेरे. आणि काकांना विचारायचं असलं, तर ते खड्ड्यातून डोकं काढून पंजा नुसता हलवायचे: पोचलं का? प्रत्येक आळीलाही खूण होती. वरची आळी म्हणजे डोक्याला हात, तळ्याकडची म्हणजे पदर पिळल्यासारखं करायचं, शाळेकडची म्हणजे हातावर छडी. पुढे दोघांकडे मोबाईल आले, पण खुणा काही सुटल्या नाहीत. बाजारातसुद्धा काकू या टोकाहून बोटं दाखवायची आणि काका त्या टोकाला तितके नारळ घ्यायचे. आम्ही पोरं हसून हसून लोळायचो.

तर गेल्या वर्षी पाणी चुकायला लागलं. आज तळ्याकडची पाळी, तर शाळेकडे पाणी. एकदा वरच्या आळीत सकाळपासून दुपारपर्यंत नळ वाहत राहिले आणि लोकांनी बादल्या संपल्या म्हणून पातेली भरली. कुरबूर सुरू झाली. काकूकडे प्रत्येक वेळी उत्तर होतंच. पाईप जुने झालेत, व्हॉल्व्ह घसरतोय, पाणी समितीला कितीदा सांगितलं. मग ती रोज काकांच्या मागे खड्ड्यापर्यंत जायला लागली. तिथून आळीच्या टोकाला, टोकाहून परत खड्ड्याशी. पूर्वी भिंगरी होती, आता तिचा पंखा झाला. म्हातारपणी प्रेम उतू चाललंय म्हणून बायका तिला चिडवायच्या आणि ती लाजल्यासारखं करायची. तिचं लाजणं मला खटकलं. काकू लाजणाऱ्यातली नाही.

मी गावच्या आरोग्य केंद्रात नर्स आहे. माणसं मला दुखणी दाखवायला येतात, पण त्याहून जास्त लपवायला येतात, आणि लपवलेल्या दुखण्यासारखा डोक्याला ताप नाही. एका सकाळी काका ब्लडप्रेशरच्या गोळ्या घेऊन गेले. थोड्या वेळाने परत आले आणि पुन्हा गोळ्या मागू लागले. मी म्हटलं, काका, आत्ताच नेल्यात ना? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मीच काहीतरी वेडंवाकडं बोलले. मग हसले आणि खिसा चाचपला. खिशात गोळ्या होत्या. ते ‘अरेच्चा’सुद्धा म्हणाले नाहीत.

विसरण्याच्या आजाराचे डॉक्टर आमच्यापासून फार लांब, मोठ्या शहरात. तिथवर न्यायचं म्हणजे दोन बस बदलायच्या, मुक्काम करायचा, आणि अशा माणसाला अनोळखी गर्दीत सांभाळायचं. पण केंद्राला एक टॅबलेट मिळालाय आणि आठवड्यातून एकदा शहरातल्या डॉक्टरबाई त्यावरून म्हातारी माणसं तपासतात. प्रश्न विचारतात, काही करून दाखवायला सांगतात, घरच्यांशी बोलतात. रेंज फक्त मागच्या खोलीत, तीही टॅबलेट औषधांच्या डब्याला टेकवून ठेवला तर. मी काकूला म्हटलं, काकांना घेऊन ये.

ती माझ्यावर तुटूनच पडली. डोक्याचा डॉक्टर कशाला, त्यांना काय वेड लागलंय का, वय झालं की विसरायला होतंच, तू नाही का परवा सुई कुठे ठेवली म्हणून शोधत होतीस. हे सगळं ती अंगणात झाडू मारता मारता बोलली, आणि झाडून झालेली जागा पुन्हा झाडली. शेवटी थांबून हळू आवाजात म्हणाली, “चावी काढून घेतील ना गं त्यांच्याकडून.” मग मला कळलं तिला कशाची भीती आहे ते. ती चावी घराच्या दारामागे टांगलेली असते. काका बाहेर जाताना चप्पल विसरतील, चावी नाही.

तरी ती आली. काकांना नवा शर्ट घातला होता. मी त्यांना टॅबलेटसमोर बसवलं आणि शेजारी स्टुलावर बसले, कारण मधेच चित्र थिजलं की मलाच डबा हलवावा लागतो. माझी नजर सगळा वेळ रेंजच्या त्या दांड्यांवर. काकू बसली नाहीच. टॅबलेटच्या मागे, दाराच्या चौकटीत उभी राहिली. डॉक्टरबाई तरुण होत्या, आवाज शांत, घाई नाही. आज वार कोणता, विचारलं. काका जरा थांबले, मान वर केली आणि बरोबर वार सांगितला. तारीख सांगितली. शंभरातून सात वजा केले, त्यातून पुन्हा सात. कात्री, चप्पल, कांदा हे तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले आणि मधे दुसरंच काही विचारून परत विचारले. काका समोर बघत सावकाश म्हणाले, कात्री. मग, चप्पल. मग जरा जास्त वेळ घेऊन, कांदा. घड्याळाचं चित्र काही जमलं नाही, पण बाई म्हणाल्या की ज्याच्या हातात कधी पेन्सिल आली नाही त्याला ते जमत नाहीच, त्याचं मी फार धरत नाही. एकूण वयाच्या मानानं ठीक दिसतंय. रक्त तपासा, कान तपासा, सहा महिन्यांनी पुन्हा बघू.

मला हायसं वाटलं. खरंच वाटलं. वर थोडी लाजही वाटली, की उगाच माणसाला घोळात घातलं. काकूने जाताना माझ्या गालावरून हात फिरवला आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगत गेली की शहरातल्या डॉक्टरिणीनं पास केलंय.

पास झालेल्या माणसाच्या घरी खरं तर जरा निवांत व्हायला हवं. काकू उलट जास्तच धावायला लागली. ती वाळली. बोलता बोलता तिचं लक्ष दाराकडे, हातातलं काम अर्धं टाकून ती उठायची आणि काका न्हाणीघरातच आहेत ना हे बघून यायची. माझ्याकडे यायची बंद झाली. रस्त्यात दिसलीच तर लांबूनच हात करून, घाईत आहे गं, म्हणून सटकायची. मला वाटायचं ही माझ्यावर रागावलीय. मग मलाही राग यायचा. तपासणीला नेलं हा काय माझा गुन्हा झाला?

मग एक दिवस खड्ड्याजवळच्या दगडावरून तिचा पाय मुरगळला. घोटा नारळाएवढा सुजला. मी पट्टी बांधली आणि सांगितलं की पाय खाली टेकवलास तर मी बोलणार नाही. तिला खाटेवर आडवं केलं तर ती खाटेवरूनच येणाऱ्याजाणाऱ्याला कामं सांगायला लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी काका चावी घेऊन एकटेच गेले. तिने हाका मारल्या, पण काकांना तिच्या हाका कानामागे टाकायची सवयच होती.

त्या दिवशी कुठल्याच आळीला पाणी आलं नाही. काका सापडले ते जुन्या विहिरीवर. फार पूर्वी, टाकी नव्हती तेव्हा, तिथून गावाला पाणी यायचं आणि पहिला व्हॉल्व्ह विहिरीच्या काठाशी होता. आता तिथे काहीच नाही. कठडा ढासळलेला, आत खोल काळं पाणी. काका अगदी कडेला वाकून, चावी खाली सोडून व्हॉल्व्ह चाचपत होते. शेळ्या राखणाऱ्या एका बाईनं पाहिलं. ती शहाणी, ओरडली नाही. शेजारी जाऊन म्हणाली, काका, चला, तिकडं पाणी सुटलंय. आणि हाताला धरून घरी आणलं. काकू एका पायावर उड्या मारत दारापर्यंत आली होती.

मला बोलावणं आलं. गेले तर काका ओसरीवर शांतपणे शेंगा सोलत होते आणि काकू आतल्या खोलीत, खाटेच्या कडेला. मला म्हणाली, दार लोट. मग म्हणाली, “त्या दिवशी उत्तरं त्यांची नव्हती. माझी होती.”

मला आधी कळेचना. मग तिनं करून दाखवलं. वार विचारला तेव्हा तिनं पदर पिळला होता, म्हणजे आज तळ्याकडच्या आळीची पाळी, त्यावरून त्यांना वार समजला. तारीख आणि वजाबाकी बोटांवर, आधी दशक, मग एकक. कात्रीला दोन बोटं उघडमीट केली, चपलेला पाय उचलला, आणि कांद्याला डोळे पुसले. तो कॅमेरा फक्त काकांचा चेहरा बघत होता, मी रेंजच्या दांड्या बघत होते, आणि काका मात्र नेहमीसारखे टोकाला उभ्या असलेल्या बायकोकडे बघत होते. काकू रडत होती आणि रडता रडता कांद्याची खूण करत होती. मला हसू आलं आणि त्याच क्षणी इतका संताप आला की मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले.

मग बोलले. जे तोंडाला आलं ते बोलले. म्हटलं, तू त्यांना पास केलंस आणि विहिरीवर पाठवलंस. रोज त्यांच्या मागे धावून तू त्यांचा आजार सांभाळत बसलीस, त्यांना नाही. ती एरवी मला पुरतं बोलू देत नाही. त्या दिवशी तिनं सगळं ऐकून घेतलं. शेवटी एवढंच म्हणाली, “उभा जन्म त्यांनी खड्ड्यातून मान वर केली की मी हात केलाय. त्यांनी विचारावं आणि मी सांगू नये, हे मला जमतच नाही गं.” आणि मग, “पुन्हा लाव ते यंत्र. या वेळी मला बाहेर काढ.”

मी डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं. त्या आधी हसल्या. मग म्हणाल्या, खोली फिरवून दाखवा असं म्हणायला हवं होतं, माझंही चुकलं. सहा महिने थांबायचं नाही, पुढच्याच आठवड्यात बघू. या वेळी त्या आधी एकट्या काकूशी बोलल्या. काय विसरतात, कधीपासून, कपडे स्वतः घालतात का, रस्ता चुकतात का. काकूनं भडाभडा सांगितलं. कितीतरी गोष्टी मीसुद्धा पहिल्यांदाच ऐकल्या. चहात मीठ. आंघोळ करून लगेच पुन्हा आंघोळ. संध्याकाळी आपल्याच घरात बसून, चला आता घरी जाऊ, म्हणणं. बाई लिहून घेत होत्या आणि मधेमधे म्हणत होत्या, हे फार उपयोगाचं आहे. जे झाकायला तिनं जिवाचं रान केलं होतं, तेच बाईंना हवं होतं.

मग काकांची पाळी. पण काकू दिसली नाही तर ते खुर्चीत टिकेनात, सारखे उठून दारात जायचे. शेवटी बाईच म्हणाल्या, खिडकीबाहेर बसवा त्यांना, दिसू देत, फक्त खुणा नकोत. मी खिडकीबाहेर खुर्ची ठेवली. काकू पट्टी बांधलेला पाय सांभाळत बसली आणि दोन्ही हात स्वतःच्या मांड्यांखाली घातले. तिला मी अशी कधी पाहिली नव्हती. बसलेली, गप्प, हात दाबून धरलेली. मी टॅबलेट खोलीभर फिरवून दाखवला आणि डब्याला टेकवला.

वार कोणता? काकांनी मान वर केली, खिडकीकडे पाहिलं आणि वाट बघितली. बाईंनीही वाट बघितली. काका म्हणाले, आज ना, आज... आणि थांबले. वर्ष नाही. ऋतू नाही. तीन शब्द सांगितले ते त्यांनी लगेच नीट म्हणून दाखवले, पण थोड्या वेळानं विचारले तेव्हा त्यातला एकही नव्हता. प्रत्येक प्रश्नाला ते आधी खिडकीकडे बघायचे. मग चेहऱ्यावर एक ओशाळं हसू यायचं, जे मी या माणसाच्या चेहऱ्यावर कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं पुरे करावं हे. खिडकीत काकूचे ओठ आत ओढले गेले होते, पण हात वर आले नाहीत.

बाईंनी आवाज आणखी हळू केला. विचारलं, “काका, घरी तुमच्यासोबत कोण असतं?”

“असते एक बाई,” काका म्हणाले. “चांगली आहे. सारखी पळत असते.”

“तुमची कोण लागते ती?”

काका विचारात पडले. त्यांनी खिडकीकडे पाहिलं, उजवा पंजा वर धरला आणि हलवला. पोचलं का? काकू तशीच. त्यांनी पुन्हा हलवला. मग पडद्यावरच्या बाईंकडे वळून, कामात खोळंबलेल्या माणसाला समजवावं तसं ते म्हणाले, “थांबा जरा. पाणी पोचलं की ती हात करेल.”

बाई थांबल्या. त्या दिवशी रेंज एकदाही गेली नाही. जायला हवी होती असं मला वाटत होतं.

नंतर बाईंनी काकूला आत बोलावून सगळं सांगितलं. रक्ताचे रिपोर्ट चांगले होते, म्हणजे दुसरं काही कारण नाही. हा स्मृतिभ्रंश आहे, आणि बराच पुढे आलेला आहे. डोक्याचा एक फोटो शहरात येऊन काढावा लागेल, पण गोळी आजपासूनच सुरू करू. बरं करणारी नाही, जरा सावकाश नेणारी. टाकीच्या शिडीवर, खड्ड्यात, विहिरीकडे एकट्यानं जायचं नाही. चावी दुसऱ्याकडे द्यावी लागेल. काकूनं एकच विचारलं, पहिल्या वेळीच खरं कळलं असतं तर? बाईंनी खोटा धीर दिला नाही. म्हणाल्या, गोळी आधी सुरू झाली असती, आणि तुम्ही एकट्या धावला नसता. बाकी फार बदललं नसतं. काकूनं मान डोलावली. तिला चावीचं काही म्हणायचं असेल असं मला वाटलं, पण तिनं नुसता पदर खोचला.

मी टॅबलेट बंद केला. काका अजून खिडकीकडेच बघत होते. बाहेरची खुर्ची आता रिकामी होती आणि त्यांचा पंजा अर्धवट वर राहिलेला. काकू लंगडत त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि तिनं हात वर केला, पंजा उघडा, पूर्ण वर, टाचा उचलून, आळीच्या टोकावर करायची तसा.

काकांचा चेहरा सैल झाला. त्यांनी दोन्ही हातांनी हवेतच चावी धरली आणि सावकाश, घट्ट होईपर्यंत फिरवली. मग हात झटकले आणि उठले.

“झालं काम,” ते तिला म्हणाले. “चला, बाई, निघतो मी. घरी ती वाट बघत असेल.”

“हो, चला,” काकू म्हणाली, आणि खाली वाकून त्यांच्या चपला सरळ करून पायांपुढे ठेवल्या.